दाखला लिहिण्याआधी वही उघडा: सोलापूरच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

नववीचा निकाल लागला की मे महिन्यात आपल्या बऱ्याच शाळांच्या कार्यालयांत एक बोलणं होतं. टेबलाच्या अलीकडे आई किंवा वडील उभे असतात, मुलगा दाराशी. "वर्षभर सांगून दमलो. तुमच्या पोराचं इथं काही खरं नाही. दाखला घेऊन जा, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि बाहेरून दहावीला बसवा." पालक हात जोडतात, थोडा वेळ थांबतात आणि शेवटी अर्जावर सही करतात. अर्जात कारण लिहिलं जातं, पालकांच्या विनंतीवरून.

मी पूर्व भागातल्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवते आणि बरीच वर्षं नववीची वर्गशिक्षिका आहे. असे दाखले घेऊन गेलेली मुलं मला नंतर दिसतात. कुणी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरत असतो, कुणी एमआयडीसीत हेल्पर, कुणी रिक्षात मित्राशेजारी नुसताच बसलेला. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झालेलीही आहेत, पण ज्या मुलाला शाळेत रोज शिक्षक समोर असताना अभ्यास झेपत नव्हता, त्याने घरी एकट्याने तो करावा ही अपेक्षा कशाच्या बळावर ठेवायची? हे पत्र त्या दाखल्याबद्दल आहे.

माझं मागणं आधीच सांगते. वर्तनाच्या कारणावरून नववी-दहावीतल्या कोणत्याही मुलाचा दाखला काढण्याआधी दोन कागद तुमच्या टेबलावर असावेत. एक, त्या मुलाच्या वर्तनाची निदान महिनाभराची नोंद. दुसरा, शाळेने काय काय करून पाहिलं आणि त्याचं काय झालं, याची माहिती. आणि हे काम करायला वर्गशिक्षकाला आठवड्यातून एक तास हक्काचा मिळावा, ज्या तासाला त्याला बदली तासावर पाठवलं जाणार नाही.

नववीचाच आग्रह का, तर कायद्याचं संरक्षण नेमकं तिथे विरळ होतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, काढून टाकण्याची मिळाली नाही. मूल नववीत आलं की हा कायदा मागे राहतो. त्याच वर्षी गणिताचे दोन भाग होतात, दहावीचं दडपण सुरू होतं, आवाज फुटतो, मिसरूड येतं, घरातले म्हणायला लागतात की आता कमवायला लाग. इतक्या गोष्टी एकदम अंगावर आलेल्या मुलाला नेमकं तेव्हाच आपण सांगतो की तुझी जागा इथे पक्की नाही.

तरी सगळंच संपत नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा १८ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला लागू आहे आणि आपल्या देखरेखीखाली असलेल्या मुलाशी क्रूरपणे वागणं हा त्यात गुन्हा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या मुळातल्या अडचणीला, दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं आणि शासनमान्य व अनुदानित शाळांवर ती लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे ज्याला आपण 'वात्रट' म्हणून दाखला देतो त्याला वाचताच येत नव्हतं का, हे पाहणं आपलं काम आहे.

आता नोंदीबद्दल, कारण सगळं तिच्यावर उभं आहे.

साधी दोनशे पानी वही चालते. तारीख, तास, आणि तीन रकाने: आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. 'उद्धटपणा केला' असं लिहायचं नाही. 'वही मागितली, त्याने ती बाकाखाली टाकली, मागचे दोघे हसले, सरांनी त्याला दाराबाहेर उभं केलं' असं लिहायचं. डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच. ज्या तासाला काहीच झालं नाही त्याचीही नोंद करायची, कारण उत्तर पुष्कळदा तिथे असतं. मानसशास्त्रात या पद्धतीवर गेली कित्येक दशकं काम झालंय. त्यातला मुख्य विचार असा की वर्तन पुन्हा पुन्हा होत असेल तर त्यातून मुलाला काहीतरी मिळतंय: कुणाचं तरी लक्ष, एखादी हवी असलेली गोष्ट, किंवा एखाद्या नकोशा गोष्टीतून सुटका.

माझ्या वर्गातला एक मुलगा सांगते. स्टाफरूममध्ये त्याचं नाव निघालं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. बाक वाजवायचा, धडा चालू असताना मोठ्याने काहीतरी बोलायचा, एकदा पुढच्याच्या दप्तरातली बाटली खिडकीतून खाली टाकली. आम्ही चार शिक्षकांनी मिळून काही आठवडे नोंदी केल्या आणि एका शनिवारी त्या एकाखाली एक वाचल्या. बहुतेक प्रसंग मराठीच्या आणि इतिहासाच्या तासाचे. गणिताला जवळपास नाहीत, पीटीला एकही नाही. 'आधी काय' या रकान्यात तीच गोष्ट परत परत: रांगेने धडा वाचायला सांगितला होता आणि पाळी त्याच्या बाकाकडे येत होती. 'नंतर काय' या रकान्यात: वर्गाबाहेर. वर्गाबाहेर गेला की पाळी टळायची. नववीतल्या त्या मुलाला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. साठ-सत्तर मुलांपुढे ते उघडं पडण्यापेक्षा मार खाणं आणि वात्रट म्हणवून घेणं त्याला सोपं जात होतं.

मग मराठीच्या मॅडमनी रांगेने वाचन थांबवलं. कुणी कोणता परिच्छेद वाचायचा ते आदल्या दिवशी खूण करून द्यायला लागल्या, वाचनही जोडीने. ग्रंथपाल सर त्याला रोज मधल्या सुट्टीत थोडा वेळ घेऊन बसायचे, पाचवीच्या पुस्तकांपासून. महिन्याभरात मराठीच्या तासाला बाक वाजायचा थांबला. इतिहासाला फार फरक पडला नाही, कारण तिथे रांगेने वाचन चालूच राहिलं. त्याचं वाचन आजही अडखळतं. पण तो दहावीत गेला, आमच्याच शाळेत, आमच्याच हजेरीपटावर.

आपल्या शहरात ही वाचनाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. मूल घरी तेलुगू बोलतं, गल्लीत कन्नड नाहीतर हिंदी, शाळेत मराठी. आपल्याकडे तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, आणि सातवी-आठवीनंतर माध्यम बदलून आलेली मुलंही आहेत. अशा मुलाला प्रश्न कळायला दोन क्षण जास्त लागतात. तेवढ्यात शिक्षक दुसऱ्यांदा आवाज चढवून विचारतात, मूल गप्प राहतं किंवा काहीतरी फटकन बोलतं, आणि वहीत शेरा पडतो. सूचना दिल्यावर मनातल्या मनात पाच आकडे मोजून थांबावं, एवढंसुद्धा कित्येक वर्गांत वातावरण बदलायला पुरतं.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. मुली बाक वाजवत नाहीत, म्हणून आपल्या यादीत येत नाहीत. पहिल्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपणारी, उठवलं की खेकसणारी, गृहपाठ विचारला की भिंतीकडे बघणारी मुलगी हीसुद्धा मदतीची गरज असलेली मुलगी आहे. अशा एकीच्या घरी मी संध्याकाळी गेले. आई विड्या वळत होती. हजारी मोजणीवर पैसे, आणि वळलेल्यातल्या खराब विड्या छाटून परत येणार, म्हणून रात्री उशिरापर्यंत लेक आईच्या शेजारी बसून विड्यांची तोंडं बंद करायची. त्यात पाणी काही दिवसांआड येणार आणि तेही रात्री-बेरात्री. नळ आला की मोटार लावायची, भांडी भरायची, हे काम तिचंच. ज्या दिवशी तिने वर्गात सगळ्यात जास्त तमाशा केला होता ती तारीख मी माझ्या वहीत पाहिली, आणि आईला विचारलं. आदल्या रात्री पाणी आलं होतं.

या मुलीसाठी शाळेला फार काही करावं लागलं नाही. पहिल्या तासाला तिला दाराजवळ बसवलं, तोंड धुऊन यायची परवानगी न विचारता दिली, आणि गृहपाठ ऑफ तासाला शाळेतच करू दिला. पाणी आल्याच्या सकाळी ती मला हाताने नुसती खूण करायची. विड्या वळणं थांबलं नाही, ते थांबवणं माझ्या हातातही नाही. कुंभारीच्या घरकुलांतून, विडी घरकुलातून, अशोक चौकाच्या आसपासच्या वस्त्यांतून येणाऱ्या आपल्या मुलींपैकी किती जणींची सकाळ अशी उजाडत असेल, हे प्रत्येक शाळेने आपापल्या परीने शोधायला हवं.

आता एक आक्षेप, जो मला नेहमी ऐकवला जातो: "बाई, या पोरांना शिस्तच नको आहे." हे मी मान्य करत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच शहरात रस्त्यावर दिसतं. गणपतीच्या आधी, शिवजयंतीच्या आधी संध्याकाळी लेझीमचा सराव चालतो तिथे जाऊन उभे राहा. ज्याला आपण वर्गात दहा मिनिटं एका जागी बसवू शकत नाही, तो मुलगा तिथे तास-दीड तास हलगीवर नजर ठेवून, शेजारच्याशी पाऊल जुळवून खेळत असतो. चुकला तर पुढचा दादा खांद्याला हात लावून दुरुस्त करतो आणि तो निमूट ऐकतो. सिद्धेश्वरांच्या यात्रेआधी नंदीध्वज पेलण्याचा सराव होतो तिथेही हेच बघायला मिळतं. लक्ष देणं, वाट पाहणं, मोठ्यांचं ऐकणं, चूक सुधारणं, हे सगळं या मुलांना येतं. तिथे त्यांना काय करायचं ते स्पष्ट दाखवलेलं असतं, जमतं तेव्हा लगेच दाद मिळते, चुकलं तर चारचौघांत अपमान होत नाही, आणि त्यांच्यावाचून रांग अपुरी राहते. वर्गात यातलं किती आपण देतो?

जेकब कूनिन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० साली आपल्या वर्ग-निरीक्षणांचे निष्कर्ष मांडले. शांत वर्ग आणि गोंधळाचे वर्ग यांची चित्रणं त्याने तुलनेला घेतली होती. मुलाने गडबड केल्यावर शिक्षक काय करतात, किती रागावतात, कसे रागावतात, यात त्याला दोन्हीकडे सांगण्यासारखा फरक आढळला नाही. फरक होता तो गडबड होण्याआधी. चांगल्या वर्गातल्या शिक्षकांची नजर सगळीकडे असायची, एक काम संपून दुसरं सुरू होताना मध्ये वेळ फुकट जायचा नाही, आणि मुलांना सतत काहीतरी करायला असायचं. इतकी वर्षं झाली तरी आपल्या शिस्त-समित्यांच्या बैठकांत शिक्षा कोणती यावरच बोलणं होतं. तास कसा सुरू झाला होता, हे कुणी विचारत नाही.

दुसरा अभ्यास २००५ चा आहे, मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात १३ ते १६ वर्षांची मुलं एकटी असताना आणि मित्र बघत असताना किती धोका पत्करतात, हे त्यांनी पाहिलं. मित्र बघत असले की धोका खूपच वाढला. चोवीस वर्षांपुढच्या मोठ्यांवर मित्रांच्या असण्याचा जवळजवळ काही परिणाम झाला नाही. हे वाचल्यापासून मी नववीच्या कोणत्याही मुलाला वर्गापुढे उभं करून जाब विचारत नाही. मित्र बघत असताना त्याला माघार घेता येत नाही. मी जवळ जाते, खाली वाकून हळू आवाजात दोन पर्याय देते, "हे उदाहरण आता सोडव, नाहीतर मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून सोडव," आणि तिथून निघून पुढच्या बाकाकडे जाते. उत्तराची वाट बघत डोक्यावर उभी राहत नाही. बहुतेक वेळा तो वही उघडतो. नाही उघडली तर मधल्या सुट्टीत येतो, चरफडत का होईना. बोलायचं असेल ते तेव्हा, दोघांत, राग उतरल्यावर.

याच कारणासाठी तुकड्यांच्या प्रश्नाकडे तुमचं लक्ष वेधते. जूनमध्ये कित्येक शाळांत गुणांप्रमाणे तुकड्या पाडल्या जातात. हुशार मुलं 'अ'मध्ये, आणि मागे पडलेली, माध्यम बदलून आलेली, नापास होऊन राहिलेली, त्रास देणारी अशी सगळी मिळून 'क' नाहीतर 'ड'मध्ये. मग त्या तुकडीवर शाळेतल्या सगळ्यात नव्या, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला पाठवलं जातं. ज्या वयात मित्रांची नजर मुलाला ओढून नेते, त्या वयात एकमेकांना ओढून नेतील अशी पन्नास मुलं आपण स्वतः एका खोलीत गोळा करतो. आणि मुलांना हे कळतं. "आम्ही ड चे आहोत, मॅडम" हे वाक्य मी ऐकलंय, आणि ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, जणू तो आपलं गाव सांगत होता. तुकड्या मिसळून पाडा. याला एक रुपया लागत नाही.

डोळे आणि कान तपासा, हे लिहायलाही संकोच वाटतो, पण लिहिते. फळा न दिसणारं मूल शेजारच्याच्या वहीत डोकावतं आणि 'बोलत होता' म्हणून उभं राहतं. कानात पू असलेलं मूल हाक मारली तरी वळत नाही आणि 'मुजोर' ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याची पथकं शासकीय आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येतात, आणि तो १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथक यायच्या दिवशी ही मुलं हजर राहतील एवढं बघा. तीच मुलं त्या दिवशी गैरहजर असतात, हा माझा अनुभव आहे. वाचन-लेखन वयाच्या मानाने फारच मागे असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी व्हायला हवी. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मंडळ देतं, आणि त्याचा प्रस्ताव शाळेनेच पुणे विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो. दहावीच्या डिसेंबरात धावाधाव करण्यापेक्षा नववीच्या जुलैत सुरुवात केली तर मुलाला त्याचा उपयोग होतो.

मन खचलेलं, स्वतःला इजा करणारं, अचानक बदललेलं मूल असेल तर आपण शिक्षकांनी डॉक्टर व्हायचा प्रयत्न करू नये. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही आकडे नोटीस बोर्डावर नकोत, कारण तिथे उभं राहून ते कुणी उतरवून घेणार नाही. मुलांच्या डायरीच्या आतल्या पानावर छापा.

पालकांना बोलावण्याची आपली पद्धतही बदलावी लागेल. बुधवारी दुपारी बारा वाजता या, असा निरोप मुलाच्याच हाती पाठवला जातो. मागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या बापाची किंवा विडी द्यायला गेलेल्या आईची त्या दिवशीची मजुरी बुडते. रोजगार बुडवून आलेल्या माणसाला आपण मुलाच्या फक्त तक्रारी ऐकवतो. घरी गेल्यावर काय होतं, ते दुसऱ्या दिवशी मुलाच्या पाठीवर दिसतं. शिवाय आईला मराठी पुरेसं येत नसेल तर आपली तक्रार तिला सांगायला आपण दुभाषी म्हणून त्या मुलालाच उभं करतो, हा प्रकार तर ताबडतोब थांबला पाहिजे. शाळेत तेलुगू-कन्नड येणारे शिक्षक, शिपाई मामा, माजी विद्यार्थी कुणी ना कुणी असतंच. आणि पहिला फोन चांगल्या कारणासाठी करा. "आज तुमच्या मुलाने फळ्यावर येऊन गणित सोडवलं" एवढंच. मी हा फोन केला की पलीकडे आधी बराच वेळ कुणी बोलत नाही. शाळेचा फोन आणि तक्रार नाही, हे त्यांच्या कानांना नवीन असतं.

एक गोष्ट आणखी, जी आम्ही करून पाहिली आणि जिचा मला फार आधार वाटतो. सगळ्यात अवघड अशा मोजक्या मुलांना प्रत्येकी एक मोठं माणूस नेमून दिलं. सकाळी प्रार्थनेआधी त्या माणसाला भेटायचं, आज काय जमवायचं ते एक वाक्यात ठरवायचं, सुटताना पुन्हा भेटून जमलं का ते सांगायचं. दोन-दोन मिनिटांचं काम. ती माणसं शिक्षकच असावीत असंही नाही. एका मुलासाठी आमच्या शिपाई मामांनी ही जबाबदारी घेतली, आणि तो मुलगा मामांना जे सांगायचा ते आम्हाला कुणालाच सांगत नव्हता.

मला हेही स्पष्ट लिहायचं आहे की सगळंच वहीने सुटत नाही. मुलींची छेडछाड, लैंगिक स्वरूपाचं वागणं, हत्यार, नशेचे पदार्थ, गंभीर मारहाण यांत आधी बाकीच्या मुलांची सुरक्षितता. पोक्सो कायद्याखाली येणारी गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे शाळेचं नाव खराब होईल म्हणून मिटवामिटवी करता येत नाही. शिक्षकांवर हात उगारला गेला तर त्या शिक्षकाच्या पाठीशी मुख्याध्यापकांनी उघडपणे उभं राहिलं पाहिजे. या पत्राचा अर्थ शिक्षकांनी सगळं सोसावं असा कुणी लावू नये. पण दरवर्षी मे महिन्यात जे दाखले जातात, त्यांतले बहुतेक अशा प्रकरणांचे नसतात. ते बाक वाजवणाऱ्यांचे, उलट बोलणाऱ्यांचे, गैरहजर राहणाऱ्यांचे आणि खिशात मावा सापडलेल्यांचे असतात.

"एकासाठी बाकीच्या साठ मुलांचं नुकसान का करायचं?" हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिलं पाहिजे. त्या एका मुलाशी रोज वाद घालण्यात तासातली जी मिनिटं जातात ती साठ जणांचीच असतात. आणि रांगेने वाचन थांबवलं तेव्हा त्या एकाबरोबर वर्गातली आणखी काही गप्प बसलेली मुलं वाचायला लागली. त्यांना वाचता येत नाही हे आम्हाला माहीतच नव्हतं, कारण ती त्रास देत नव्हती.

खरा अडसर निकालाचा आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. शंभर टक्के निकालाचा फलक, वर्तमानपत्रातली जाहिरात, पुढच्या वर्षीची पटसंख्या आणि तिच्यावर अवलंबून असलेली शिक्षकांची पदं. मुख्याध्यापकांच्या डोक्यावरचं हे ओझं मी कमी लेखत नाही. संस्थाचालकांना मात्र विनंती आहे. वार्षिक अहवालात दहावीच्या टक्केवारीशेजारी आणखी एक ओळ छापा: नववीत किती मुलं होती आणि त्यांतली किती आपल्याच शाळेतून दहावीला बसली. ही ओळ मागायची सवय संस्थेला लागली की मुख्याध्यापकांवरचा दाब आपोआप दुसऱ्या बाजूने यायला लागेल. अमेरिकेत १९९७ पासून कायदाच असा आहे की अपंग विद्यार्थ्याला वर्तनामुळे सलग दहापेक्षा जास्त दिवस शाळेबाहेर ठेवायचं तर ते वर्तन त्याच्या अपंगत्वातून आलं आहे का, हे शाळेला आधी तपासावं लागतं. आपल्याकडे असा नियम येईपर्यंत थांबायचं कारण नाही, मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात उद्यापासून हे सुरू करू शकतात.

आणि वर्गशिक्षकांना वेळ द्या. जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आधार जुळवणी हे सगळं करून शिक्षक वर्गात येतो तेव्हा त्याच्याकडे धीर उरलेला नसतो. मी प्रशिक्षण मागत नाही, पुस्तिका मागत नाही. आठवड्यातून पस्तीस-चाळीस मिनिटांचा एक तास मागते, ज्यात त्या वर्गाचे चार शिक्षक एकत्र बसून वही वाचतील आणि पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल ठरवतील. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत असायला हवी. तिच्या बैठकीत या वह्या ठेवता येतील. शहरातल्या समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी जागा शोधत असतात, त्यांना शाळेत बोलावून गृहभेटी वाटून घेता येतील.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी पर्यवेक्षक वेळापत्रकाचा तक्ता आखायला बसतील. त्या वेळी नववीच्या प्रत्येक तुकडीच्या वर्गशिक्षकासमोर हा एक तास लिहून घ्या आणि तो कुणी खोडणार नाही असं त्यांना सांगा. ज्या शाळांना नोंदवहीचे रकाने आखून हवे असतील, पहिल्या काही नोंदी एकत्र बसून वाचायच्या असतील, त्यांच्याकडे मी आणि माझे सहकारी शनिवारी शाळा सुटल्यावर यायला तयार आहोत. त्यासाठी मानधन नको.

या मे महिन्यातले जे अर्ज अजून तुमच्या टेबलावर आहेत, त्यांवर कृपया अजून सही करू नका.

आपली विश्वासू,
नववीची एक वर्गशिक्षिका, सोलापूर